मध्यम शहरात शिकायला जाताना: खोली, वेळापत्रक आणि डोंगराची वाट

शिकण्यासाठी मध्यम आकाराचं शहर निवडलंत आणि त्याच्या कडेला डोंगर, जंगल, तळं किंवा नदी असेल, तर तुमच्या वाट्याला फार चांगली गोष्ट आली आहे. महानगरातल्या विद्यार्थ्याला अशा जागी जायचं तर सुट्टी, तिकिटं, मुक्काम असा सगळा घाट घालावा लागतो. तुम्हाला दुपारची तासिका संपवून निघता येतं. मात्र हे आपोआप घडत नाही. खिडकीतून रोज दिसणाऱ्या डोंगरावर एकदाही न जाता पदवी घेऊन शहर सोडणारे विद्यार्थी कमी नसतात. त्यांना आवड नसते असं नाही. खोली भलत्याच टोकाला घेतलेली असते, आठवड्यात त्यासाठी जागा ठेवलेली नसते, सोबत कोण येणार ते ठरलेलं नसतं. मग ‘परीक्षा झाली की जाऊ’ म्हणता म्हणता वर्षं निघून जातात.

म्हणून सुरुवातीलाच एक मोजमाप पक्कं करा. जागा किती जवळ आहे हे किलोमीटरांत मोजू नका. आठवड्यातल्या एखाद्या साध्या दिवशी तासिका संपल्यावर दारातून निघून तिथे पोहोचायला आणि अंधार पडायच्या आत परतायला किती वेळ लागतो, त्यात मोजा. खोली, अभ्यास, मित्रमंडळी, सामान हे सगळे निर्णय या मोजमापाला धरून घेतले की पुढचं बरंच सोपं होतं.

पायरी १: जाण्याआधी शहराचा अंदाज घ्या

ओईसीडी ही आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटना दोन ते पाच लाख लोकवस्तीच्या नागरी क्षेत्राला मध्यम म्हणते. आकडा फार काटेकोर धरू नका. ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक दीड लाखाच्या आतलं शहर आहे, पण तिथे १६६९पासून विद्यापीठ आहे आणि भर शहरातून निघून डोंगरी रेल्वे व रोपवेने साधारण अर्ध्या तासात दोन हजार मीटरच्या वर जाता येतं. फ्रान्समधलं ग्रनोबल तीन पर्वतरांगांच्या मधोमध वसलं आहे आणि शहर स्वतः इतकं सपाट आहे की रोजच्या कामांना सायकल पुरते.

अशा शहरांत बहुतेक ठिकाणी वीस-तीस मिनिटांत पोहोचता येतं, आणि रोजच्या प्रवासात न जाणारा वेळ हीच इथली खरी श्रीमंती. त्याची दुसरी बाजूही आधीच माहीत असू द्या. एखाद्या विशिष्ट आजाराचे डॉक्टर एक-दोनच असतात आणि त्यांची वेळ मिळायला थांबावं लागतं. लांबच्या गाड्या थेट नसतात. संध्याकाळनंतर बस विरळ होतात. विद्यार्थ्यांना जमतील अशी अर्धवेळ कामं मोजकी असतात आणि सत्र सुरू होताच ती भरून जातात. चालू उपचार, चष्मा, दातांची कामं निघण्याआधी उरकून घ्या. काम हवं असेल तर पोहोचण्याआधीच चौकशी सुरू करा.

मग नकाशा उघडा आणि कॉलेजभोवती तीन वर्तुळं काढा. पहिल्यात चालत वीस मिनिटांत गाठता येणारी हिरवी जागा: नदीकाठ, टेकडी, मोठी बाग. दुसऱ्यात अर्ध्या दिवसात जाऊन येण्यासारखं ठिकाण. तिसऱ्यात पूर्ण दिवस किंवा मुक्काम लागणारी ठिकाणं. प्रसिद्ध जागा जवळपास सगळ्या तिसऱ्या वर्तुळात असतात. छायाचित्रांत त्याच दिसतात आणि नवा विद्यार्थी त्यांच्याच मागे लागतो. पहिल्या वर्षी पहिली दोन वर्तुळं नीट पायाखाली घाला असं मी आग्रहाने सांगेन. ज्या टेकडीवर तुम्ही महिन्यातून चारदा जाता, तिच्यावरून वर्षातून एकदा गाठलेल्या शिखरापेक्षा जास्त शिकायला मिळतं. कुठल्या वळणावर चिखल होतो, वारा कोणत्या बाजूने येतो, उतरताना गुडघे कुठे बोलू लागतात, हे सगळं तिथेच कळतं.

पायरी २: खोली

इथे सर्वांत जास्त वेळ घाला, कारण बाकीचं नंतर बदलता येतं आणि खोली वर्षभर बदलत नाही.

मध्यम शहरातल्या बस बहुधा मध्यवर्ती स्थानकातून चहूबाजूंना सुटतात. त्यामुळे शहराच्या काठावरच्या दोन वस्त्या एकमेकींपासून तीन किलोमीटरवर असल्या, तरी बसने आधी मध्यावर येऊन गाडी बदलावी लागते. नकाशावर ‘डोंगराच्या पायथ्याशी’ दिसणारी स्वस्त खोली अशा वेळी कॉलेजपासूनही लांब पडते आणि डोंगराच्या नेमक्या वाटेपासूनही. पत्ता हाती आला की तीन प्रवास वेळापत्रकात शोधून बघा: सकाळी पहिल्या तासिकेला पोहोचणं, रात्री ग्रंथालय बंद झाल्यावर परतणं, आणि रविवारी पायथ्याला जाऊन संध्याकाळी परत येणं. पहिले दोन सगळे तपासतात. तिसरा कोणी तपासत नाही, आणि सुट्टीच्या दिवशीची शेवटची बस नेमकी तिथेच दगा देते. सुट्ट्यांच्या काळात वेळापत्रक वेगळं असतं का, तेही बघून ठेवा.

शहर दरीत असेल तर हवा आणि ऊन यांचाही विचार करा. एरवी वर जावं तशी हवा गार होत जाते. हिवाळ्यात वारा पडलेला असताना मात्र उलट घडतं: थंड, जड हवा दरीत साचते, तिच्या वर उबदार हवेचा थर बसतो आणि वाहनांचा, शेगड्यांचा धूर खालीच कोंडून राहतो. ग्रनोबल किंवा अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी अशा शहरांना हा त्रास चांगलाच माहीत आहे. दम्याचा त्रास असेल तर हमरस्त्यापासून आत आणि शक्य तर थोड्या चढावर खोली बघा. अशा दिवसांत त्या थराच्या वर गेलात की स्वच्छ ऊन मिळतं; खाली सगळं धुरकट आणि वर निळं आकाश, हे स्वतः बघण्यासारखं आहे. उत्तर गोलार्धात हिवाळ्यातलं ऊन दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर जास्त पडतं, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडच्या. डोंगराच्या सावलीतली खोली हिवाळाभर ओलसर राहू शकते.

प्रत्यक्ष बघायला गेलात की कपाटामागची भिंत बघा, छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके आहेत का ते बघा, खिडकी पूर्ण उघडते का ते उघडून बघा. भिजलेलं जॅकेट आणि चिखलाचे बूट कुठे वाळत घालणार, हा प्रश्न स्वतःला विचाराच. त्याला उत्तर नसेल तर पावसाच्या दिवशी तुम्ही बाहेर पडायचं टाळू लागाल. सायकल ठेवायला कुलूपबंद जागा आहे का ते विचारा. नदी जवळ असेल तर पाणी कुठपर्यंत चढतं हे घरमालकाला नाही, शेजाऱ्याला विचारा.

खोली न बघता पैसे पाठवू नका. तुम्ही दूर असाल तर विद्यापीठाच्या वसतिगृह विभागाला किंवा तिथे आधीपासून असलेल्या विद्यार्थ्याला बघायला सांगा, किंवा पहिले काही दिवस तात्पुरती सोय करून स्वतः शोधा. करार लेखी हवा. त्यात भाड्यात काय काय धरलं आहे, खोली सोडायची सूचना किती आधी द्यायची, मोठ्या सुट्टीत भाडं चालू राहतं का, डिपॉझिट कधी आणि कोणत्या अटीवर परत मिळणार, हे स्पष्ट असू द्या. सामान आत नेण्याआधी प्रत्येक भिंतीचे, नळाचे आणि मीटरच्या आकड्यांचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकाला पाठवा. तारीख पडलेला असा निरोप पुढे खूप वाद वाचवतो.

पायरी ३: पहिल्या पंधरवड्यातली कामं

ही कंटाळवाणी असतात, पण लांबवली की सत्राच्या गर्दीत अडकतात. ओळखपत्र, ग्रंथालयाचं सदस्यत्व, बसचा पास, बँक खातं, जवळच्या दवाखान्यात नोंदणी. परदेशात असाल तर राहण्याची नोंदणी आणि व्हिसावर आठवड्याला किती तास काम करता येतं त्याचा नियम लेखी मिळवा. ऐकीव माहितीवर विसंबू नका. आरोग्य विमा असेल तर डोंगरातली सुटका, हेलिकॉप्टर आणि साहसी खेळ त्यात येतात का, ते वाचून बघा. बऱ्याच पॉलिसींमध्ये ते वेगळं घ्यावं लागतं.

पायरी ४: वेळापत्रकात बाहेरचा वेळ आधी घाला

क्रम महत्त्वाचा आहे. आधी तासिका लिहा, मग आठवड्यातली एक अर्धी दुपार किंवा एक सकाळ बाहेरच्यासाठी राखून ठेवा, आणि उरलेल्या वेळात अभ्यास बसवा. हे उलटं वाटेल. पण अभ्यासाला मोकळा सोडलेला अख्खा दिवस क्वचितच अभ्यासात जातो. शनिवारी दोन वाजता निघायचंच असेल, तर शनिवारची सकाळ नेटाने वापरली जाते.

अर्थात अभ्यासाची पद्धतही तशी हवी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५मध्ये स्वतःवरच केलेले स्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरलं जातं, आणि थोड्या थोड्या अंतराने केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकण्यापेक्षा जास्त टिकते, हे त्यातून पुढे आलं. २००६मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार बैठकींत पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकाच बैठकीत वाचून पुढच्या तीन बैठकींत न बघता आठवून लिहिला. आठवड्यानंतर पहिल्या गटाला साधारण ४० टक्के आठवलं, दुसऱ्याला ६१ टक्के. म्हणजे वही मिटून आठवून बघणं हा अभ्यासाचा कणा आहे, आणि ते करायला टेबल-खुर्ची लागत नाही.

इथे मध्यम शहर तुमच्या मदतीला येतं. सकाळी एक प्रकरण वाचा, पाच प्रश्न चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठी खिशात टाका. दुपारी सोप्या, माहितीच्या वाटेवर चालताना एकेक प्रश्न काढा आणि उत्तर मनात पूर्ण वाक्यात मांडा. सोबत वर्गातलं कोणी असेल तर त्याला समजावून सांगा. जिथे अडखळाल तिथे चिठ्ठीवर खूण करा आणि परत आल्यावर फक्त तेवढंच उघडा. अवघड वाटेवर, रहदारीत किंवा सायकलवर हे करू नका. तिथे लक्ष वाटेवरच हवं. चालण्याचा विचारांवर परिणाम होतो याला आधारही आहे: स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ओपेझो आणि श्वार्ट्झ या संशोधकांनी २०१४मध्ये दाखवलं, की बसून राहण्यापेक्षा चालताना माणसांना नव्या कल्पना जास्त सुचतात. एकच नेमकं उत्तर शोधायच्या कोड्यांत मात्र तसा फायदा दिसला नाही. प्रबंधाची मांडणी सुचायला चाला, गणित सोडवायला बसा.

आठवड्याला किती वेळ बाहेर घालवावा? २०१९मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासात, आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. तो वेळ एका दमात घालवला की तुकड्यांत, याने फरक पडला नाही. यातून कारण आणि परिणाम सिद्ध होत नाही. धडधाकट माणसं मुळातच जास्त बाहेर पडत असतील. तरी सुरुवातीला दोन तास हे लक्ष्य ठेवायला हरकत नाही. रोज संध्याकाळी नदीकाठाने वीस मिनिटं चाललात तरी ते पूर्ण होतं.

पायरी ५: सोबत जोडा

नव्या शहरातला एकटेपणा पहिल्या दोन महिन्यांत सर्वांत जास्त जाणवतो. मोठ्या शहरात गर्दीत हरवून जाता येतं. इथे मात्र सगळ्यांचे गट आधीच जमलेले दिसतात आणि आपण काचेबाहेर उभे आहोत असं वाटतं. तसं नसतं, फक्त वेळ लागतो. किती, याचा अंदाज जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकाने २०१८मध्ये मांडला: नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला एकत्र घालवलेले सुमारे ५० तास लागतात, पक्क्या मैत्रीला साधारण ९०, आणि जिवलग व्हायला २००हून जास्त. वर्गात शेजारी बसून हे तास भरायला सत्र सरतं. एक दिवसाच्या भटकंतीत मात्र सात-आठ तास सोबत जातात, तेही चढाचा दम, वाटून खाल्लेला डबा आणि चुकलेली वाट यांच्यासह.

म्हणून विद्यापीठाचं गिर्यारोहण, सायकल किंवा होड्यांचं मंडळ पहिल्याच महिन्यात गाठा. सामान उसनं मिळतं, गाडी वाटून घेता येते, वाट माहीत असलेला माणूस सोबत असतो. ‘मला काहीच येत नाही’ हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगा, म्हणजे तुम्हाला योग्य गटात घेतील. गट कसा निवडायचा? म्होरक्या सर्वांत मागच्या माणसाच्या चालीने चालतो का, आणि हवा बिघडली की कुरकुर न करता परत फिरतो का, एवढं बघा. या दोन गोष्टी जिथे नाहीत, त्या गटाच्या वाटेला जाऊ नका, ते कितीही उत्साही असोत. लहान वर्तुळाच्या शहरात तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. दिलेली वेळ पाळणारा आणि उसनं सामान धुऊन परत करणारा माणूस लवकर सगळ्यांना हवासा होतो.

पायरी ६: सामान

सगळं एकदम विकत घेऊ नका. पहिले पैसे बुटांवर घाला आणि बूट संध्याकाळी, तुम्ही घालणार तेच मोजे घालून बघा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. उतारावर बोटं पुढे आपटतात का ते दुकानातल्या पायरीवर उतरून तपासा. मग पावसाचं जॅकेट, मग हेडटॉर्च, म्हणजे डोक्याला बांधायची टॉर्च. मोबाइलचा दिवा ही टॉर्च नव्हे: एक हात त्यात अडकतो आणि ज्यावरून मदत मागायची तीच बॅटरी संपते. सुती कपडे थंडीत टाळा. सूत पाणी धरून ठेवतं आणि भिजलं की ऊब देत नाही. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे बरे. तंबू, स्लीपिंग बॅग, दोर, होडी हे सगळं पहिल्या वर्षी उसनं किंवा भाड्याने. सत्र संपताना शहर सोडणारे विद्यार्थी चांगलं सामान विकायला काढतात, तोवर थांबा.

पायरी ७: पहिली वाट

पहिली वाट खुणा केलेली, लोकांची ये-जा असलेली आणि गेलो त्याच वाटेने परतायची असावी. आदल्या दिवशी नकाशा घेऊन बसा आणि फोनवर तो ऑफलाइन उतरवून ठेवा. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. तपकिरी वेड्यावाकड्या रेषा म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. त्या दाटल्या की चढ उभा, विरळ झाल्या की पठार. रेषांची टोकं माथ्याकडे वळलेली असतील तर तिथे ओहोळ किंवा घळ आहे. टोकं खालच्या बाजूला निघाली असतील तर ती सोंड, म्हणजे माथ्यावरून खाली उतरत आलेली डोंगराची धार. एवढं ओळखता आलं तरी वाट चुकल्यावर आपण सोंडेवर आहोत की घळीत, ते कळतं. चुकल्यावर घळीने खाली उतरायचा मोह होतोच, आणि घळीत पुढे कातळाचा टप्पा लागून माणूस अडकतो. माहीत असलेल्या शेवटच्या जागेपर्यंत मागे फिरा.

वेळेचा अंदाज घ्यायला स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२मध्ये घालून दिलेला नियम अजून वापरला जातो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. जाऊन-येऊन दहा किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर दोन अधिक एक, तीन तास. हा सराईत, न थांबता चालणाऱ्याचा हिशोब. नवख्याने दीडपट धरावं, म्हणजे साडेचार तास. सूर्यास्त सहाला असेल तर साडेअकराला निघून चारपर्यंत खाली, आणि दोन तास हाताशी. चढायला नवख्याचे तीन तास धरून परत फिरायची वेळही ठरवून टाका: अडीच वाजता. अडीच वाजले आणि माथा अजून वर दिसतो आहे, तर तिथूनच वळायचं. ही वेळ घरून ठरवून निघा. माथा दहा मिनिटांवर दिसत असताना ती ठरवता येत नाही.

निघण्याआधी रूममेटला किंवा घरच्यांना निरोप लिहा. तो असा असावा: ‘शनिवार. आम्ही चौघं. उत्तरेकडच्या वाटेने माथा, त्याच वाटेने परत. साडेअकराला पायथ्यावरून सुरुवात, चारपर्यंत बसथांब्यावर. सहापर्यंत माझा निरोप आला नाही तर फोन कर. सातपर्यंत लागला नाही तर आपत्कालीन क्रमांकावर हे सगळं सांग.’ ‘डोंगरावर चाललोय, संध्याकाळी येतो’ याचा शोधणाऱ्यांना काही उपयोग नसतो. खाली उतरलात की आधी ‘पोहोचलो’ असं कळवा.

पायरी ८: हवा आणि अडचण

शहरात ऊन आहे म्हणजे वर ऊन असेलच असं नाही. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, आणि वाऱ्याने ते त्याहून कमी भासतं. ऊन उलट चढत जातं: दर हजार मीटरला अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. गार वाटतं म्हणून टोपी सॅकमध्ये ठेवली की संध्याकाळी मान भाजलेली सापडते.

वीज चमकली की सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर धोका आहे. माथा, धार, एकटं झाड आणि पाणी सोडून खाली उतरा, शक्य तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पाऊस वर कुठेतरी पडत असला तरी ओढा इथे फुगतो. वेगाने वाहणारं पंधरा सेंटिमीटर पाणीसुद्धा मोठ्या माणसाचा पाय उचलू शकतं. पाणी गढूळ झालं किंवा त्यातून काटक्या वाहून येऊ लागल्या, तर पलीकडे जाऊ नका, अलीकडेच थांबा. ओढ्याचं पाणी नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नका. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, आणि दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं उकळा.

कोणी जखमी झालं तर आधी त्याच्या अंगावर ऊबदार कपडा घाला आणि खाली सॅक किंवा दोर पसरा. जमीन अंगातली ऊब वेगाने ओढून घेते. मग फोन. युरोपीय संघात आणि भारतासह अनेक देशांत ११२ चालतो, पण तुमच्या ठिकाणचा डोंगरी सुटकेचा क्रमांक आधीच फोनमध्ये ठेवा. फोन लागत नसेल तर शिट्टी किंवा टॉर्च: मिनिटात सहा इशारे, एक मिनिट शांत, पुन्हा सहा. समोरून मिनिटात तीन इशारे आले तर तुमची हाक पोहोचली आहे. उत्तर अमेरिकेत तीन इशारे हीच मदतीची हाक मानतात.

पायरी ९: जागा राखा

अमेरिकेतल्या बोल्डर शहराच्या लोकांनी १९६७मध्ये मतदान करून स्वतःवर विक्रीकर लावून घेतला, तो शहराभोवतीची मोकळी जमीन विकत घेऊन तशीच राखण्यासाठी. आज तिथले विद्यार्थी वर्गातून निघून ज्या वाटांवर जातात, त्या अशा निर्णयांमुळे शाबूत आहेत. शहराजवळच्या वाटांवर पाय फार पडतात, म्हणून झीजही तिथेच जास्त. चिखल चुकवायला कडेच्या गवतावरून गेलात की वाट दरवर्षी रुंदावते. चिखलातूनच जा, बूट धुता येतात. शौचाला पाण्यापासून आणि वाटेपासून निदान ६० मीटर दूर जा, पंधरा-वीस सेंटिमीटर खोल खड्डा करा, नंतर बुजवा, आणि कागद पिशवीत घालून परत आणा. फळांच्या सालीही आणा. स्पीकर खोलीवर ठेवा. वाट शेतातून किंवा कुरणातून जात असेल तर फाटक जसं होतं तसंच सोडा: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. वर्षातून एक-दोनदा वाट दुरुस्तीचं श्रमदान निघतं का याची चौकशी करा. एखाद्या उतारावर दगड बसवून पाण्याला वाट काढून दिलीत, की तो डोंगर तुम्हाला वेगळाच कळू लागतो, आणि वाटेची काळजी घेणाऱ्या स्थानिक माणसांची ओळखही तिथेच होते.

पायरी १०: परीक्षेचे आठवडे आणि सुट्टी

परीक्षा जवळ आली की तिसरं वर्तुळ पूर्ण बंद, दुसरं पंधरवड्यातून एकदा, पहिलं चालू. नदीकाठची वीस मिनिटं तोडू नका. तीच वेळ चिठ्ठीवरच्या प्रश्नांची. लांबची, दमवणारी भटकंती पेपरच्या आदल्या आठवड्यात टाळा. अभ्यास बुडतो हे एक कारण, पण मुरगळलेला पाय आणि अर्धवट झोप यांची भरपाई त्या दिवसांत होत नाही. झोप कापून केलेला अभ्यास टिकत नाही, कारण दिवसभरातलं शिकलेलं मेंदूत पक्कं होण्याचं बरंच काम झोपेतच होतं.

मोठ्या सुट्टीत शहर अर्धं रिकामं होतं. तिथेच राहणार असाल तर बस कमी झाल्या आहेत का, ग्रंथालयाच्या वेळा बदलल्या आहेत का, आणि तुमच्या निरोपावर लक्ष ठेवणारा रूममेट गावाला गेला आहे का, ते बघा. तो गेला असेल तर निरोपासाठी दुसरा माणूस आधी ठरवा, मग सॅक भरा. शहर सोडणार असाल तर उसनं सामान मंडळाला परत करा, मीटरचा आकडा फोटोसह घरमालकाला पाठवा आणि सत्र सुरू व्हायच्या निदान चार दिवस आधीचं परतीचं तिकीट काढा. नव्या तुकडीची मंडळातली पहिली भटकंती बहुधा त्याच आठवड्यात असते, आणि तिथे आता वाट माहीत असलेल्यांची गरज असते.